जिंकल्यानंतरची रात्र

भातकापणी उरकली की रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांत कबड्डीची मैदानं आखली जातात. प्रकाशझोतातले सामने रात्री उशिरा संपतात, करंडक मिळतो आणि संघातलं कुणीतरी मोठं म्हणतं, ‘चला, आज बसूया.’ त्यात सोळा वर्षांचा रेडरही असतो. सात जणांत एकटा घुसणारा हा मुलगा तिथे ‘नको’ म्हणू शकत नाही.

खेळणारं पोर व्यसनापासून आपोआप लांब राहतं, अशी आपली समजूत. परदेशांतल्या बऱ्याच पाहण्या मात्र सांगतात, की खेळाडू मुलं अमली पदार्थ कमी घेतात, दारू उलट जास्त पितात.

याचं एक मूळ मेंदूत आहे. शाबासकीनं सुखावणारा मेंदूचा भाग या वयात फार जागा असतो. आवर घालणारा, कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी २००५ साली मुलांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ दिला. एकटी असताना मुलं बेतानं खेळली, मित्र शेजारी बसताच कितीतरी जास्त धोके घेऊ लागली. प्रौढांमध्ये असा फरक पडला नाही. म्हणजे पोर बिघडलेलं नसतं. ज्या धाडसानं आणि संघावरच्या मायेनं तो चढाई करतो, त्यांनीच तो ग्लास उचलतो.

त्याची किंमत शरीर मोजतं. दमलेले स्नायू व्यायामानंतरच्या तासांत नव्यानं बांधले जातात. ऑस्ट्रेलियात २०१४ साली आठ तरुणांना व्यायामानंतर भरपूर दारू दिली, तेव्हा सोबत प्रथिनं घेऊनही ही बांधणी २४ टक्क्यांनी घटली. शिवाय दारू मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावते. आपल्या दमट हवेत घामानं आधीच सुकलेल्या शरीराला ते कसं झेपावं? सरावाचं फळ त्या एका रात्रीत कमी होतं.

महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं ही कायद्याची अट आहे. तरीही सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती ग्लास येतो, तो बहुधा ओळखीच्या मोठ्या माणसाकडूनच.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि संघातल्या दादांना विनंती आहे. ‘तुला नाही घ्यायची’ हे त्याला आईपेक्षा तुमच्या तोंडून पटेल. सामना संपला की त्याला पोटभर जेवू घाला आणि आधी घरी सोडून या.