पुळणीवरचं बंदर

बंदर म्हटलं की धक्का, क्रेन आणि मोठी जहाजं डोळ्यांसमोर येतात. देवगड तालुक्यातल्या आमच्या मिठबावला यातलं काही नाही. उत्तरेला देवगड, दक्षिणेला आचरा आणि मधे आमची खाडी, तांबळडेगची पुळण, गजबादेवीचा कातळ. तरी इथे होड्या लागतात, सुटतात, मासळी उतरते, तिचा लिलाव होतो. मी रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या घरातली. आता मच्छीमार सोसायटीचं दप्तर सांभाळते, त्यामुळे या सगळ्याचे वाद आणि तडजोडी रोज माझ्या टेबलावर येतात. होडीला जागा कोण देतो, किती वेळ देतो आणि अडचणीत कोणाला आधी देतो, हे जिथे ठरलेलं असतं, त्या जागेला मी बंदर म्हणते.

पहिला हिशेब पाण्याचा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि तितकंच ओसरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा चढउतार कमी. लहान खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते आणि पावसाळ्यानंतर ती दरवर्षी जागा बदलते. ओहोटीला तिथून भरलेली होडी आत येत नाही. त्यामुळे सगळे भरतीची वाट बघतात आणि सगळे एकदम येतात. धक्का कितीही लांब बांधा, गर्दी भरतीच्या त्या दोन-तीन तासांतच होणार. म्हणून मासळी उतरली की होडीने लगेच बाजूला व्हायचं, मागच्याला जागा द्यायची, हा किनाऱ्यावरचा पहिला नियम.

दुसरा हिशेब नांगराचा. नांगर नुसत्या वजनाने होडी धरत नाही. त्याचा फाळ वाळूत रुतावा लागतो, आणि त्यासाठी दोराची ओढ आडवी हवी. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट दोर सोडतात. तीन मीटर पाण्यात पंधरा मीटर दोर सोडला, तर वारा फिरेल तशी होडी तेवढ्या घेरात फिरणार. खाडीत तर दर सहा तासांनी पाण्याची ओढच उलटते. तिथे पुढे नांगर आणि मागे काठाला दोर असं दोन्हीकडून बांधतात, म्हणजे थोड्या जागेत जास्त होड्या मावतात. पण हे सगळ्यांनी सारखंच केलं पाहिजे. दहा होड्या दोन्हीकडून बांधलेल्या आणि एक नुसत्या नांगरावर असेल, तर ती एकच बाकीच्यांच्या फळ्या फोडते. माझे आजोबा तरुण पोरांना सांगायचे, "नांगर घालूच्या आदी शेजाऱ्याची होडी बघ."

पुळणीवर रापणीचे नियम वेगळे. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकत जाते आणि जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. मिळालेल्या मासळीत जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्यांचा वाटा ठरलेला असतो. हे चालायला समोरचं पाणी मोकळं लागतं. तिथे कोणी नांगर टाकला तर जाळं फाटतं आणि पन्नास जणांची मेहनत फुकट जाते. दोन रापणसंघ असतील तर ओढण्याच्या पाळ्या लावून घेतात. हे कुठल्या सरकारी कागदावर नाही, पण तोडणाऱ्याला गावात तोंड दाखवणं कठीण होतं.

सरकारी व्यवस्था या सगळ्याच्या वरची. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड 1996 मध्ये स्थापन झालं. राज्यातल्या 48 लहान बंदरांचा कारभार त्याच्याकडे आहे. आमच्या बाजूला विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, निवती, वेंगुर्ला ही त्यातली. धक्के बांधणं, प्रवासी होड्यांना परवाने देणं, वादळात धोक्याचा बावटा लावणं ही बंदर खात्याची कामं. मासेमारी नौकांची नोंद मत्स्य विभाग करतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या नौकेवर एमएच-5 आणि पुढे नंबर दिसतो. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असते. त्या काळात आमच्याकडच्या होड्या पुळणीच्या वर ओढून झापांखाली ठेवतात. म्हणजे पावसाळ्यातसुद्धा होडीला किनाऱ्यावर जागा लागतेच. एरवी ती रिकामी दिसते म्हणून कोणी कुंपण घालू नये.

वादळात आमची पुळण उपयोगाची नाही. देवगडचं बंदर डोंगराच्या आडोशाला आहे, त्यामुळे दर्या खवळला की गुजरातपासूनच्या नौका तिथे आसऱ्याला येतात. अशा वेळी परका-आपला बघायचा नसतो, ही दर्यावर्दी रीत आहे आणि ती देवगडने पाळली आहे. पण आसऱ्यालाही मर्यादा असते. 16 मे 2021 ला तौक्ते वादळात तिथे नांगरलेल्या नौकाही सुटून आपटल्या, खलाशांचे जीव गेले. गर्दीच्या बंदरात जाड दोर, पक्के खांब आणि नौकांमधलं अंतर यांवर माणसांचे जीव टांगलेले असतात. देवगडच्या आनंदवाडीचं मत्स्यबंदर वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्याची मला म्हणूनच चीड येते.

आता सार्वजनिक उताराविषयी, म्हणजे होडीतून माणसं आणि माल उतरण्याच्या जागेविषयी. मुंबई-गोवा बोटी चालायच्या तेव्हा आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतारू किनाऱ्यावर यायचे. उताराच्या जागा नीट राहाव्यात म्हणून माणसांवर आणि मालावर फी घेण्याचा कायदा 1882 पासून आहे. उतार सगळ्यांचा आहे, म्हणून त्याचा खर्चही सगळ्यांनी थोडाथोडा उचलायचा, हा त्यामागचा विचार आजही पटण्यासारखा आहे. मालवणच्या धक्क्यावर तो विचार उतरलेला दिसतो: होड्या पाळीने लागतात, उतारू घेतात आणि निघतात. पर्यटन आमच्याही किनाऱ्यावर येतं आहे आणि ते यावं. पण पाण्यातले खेळ, रापण आणि मासळी उतरवण्याची जागा वेगवेगळी हवी, आणि होडीत किती माणसं बसणार ते काठावरच मोजलं गेलं पाहिजे. 24 मे 2022 ला तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हापासून मी हे प्रत्येक बैठकीत बोलते.

2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांवर मच्छीमार वस्त्या आणि त्यांच्या सामाईक जागा दाखवायच्या आहेत: होड्या लावायची जागा, मासळी वाळवायची जागा, धक्के. ज्या गावाने त्या नीट नोंदवून घेतल्या, त्याच्या हातात उद्या कागद असेल. माझ्या गावाला माझं सांगणं हेच आहे. रापणीच्या ओढणीची जागा, पावसाळ्यात होड्या चढवायची जागा, खाडीतली नांगरणीची जागा आणि उताराची वाट, या चारही जागा ग्रामसभेत म्हाताऱ्या तांडेलांना बोलावून आखून घ्या, ठराव करा आणि तो नकाशावर चढेपर्यंत पाठपुरावा करा. तोंडी नियमांनी आम्हाला इथवर आणलं. जमिनीचे भाव वाढल्यावर तोंडी नियमाला कोणी विचारत नाही.