बेस गिटार घेताय? आधी जे नंतर बदलता येणार नाही ते बघा

नवीन फोन घेताना आपण रॅम, स्टोरेज आणि स्क्रीन आधी बघतो. कव्हर, लाँचर, वॉलपेपर नंतर कधीही बदलता येतं, रॅम बदलता येत नाही. बेस गिटारच्या बाबतीत मात्र बरेच जण उलटं करतात. रंग आणि रीलमधला आवाज आवडला की थेट ऑर्डर! भंडाऱ्यातून दोन-चार बेस हातात धरून बघायचे तर साधारण ६० किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. म्हणून तिथे जाऊन नेमकं काय तपासायचं, ते घरीच ठरवून निघा.

फोनच्या स्पीकरवर भरवसा नको

चार तारांच्या बेसमधली सगळ्यात जाड तार ई. ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंपन पावते, म्हणजे ४१ हर्ट्झ. पुढच्या ए, डी आणि जी या तारा ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. फोनचा इवलासा स्पीकर इतके खालचे सूर नीट काढूच शकत नाही. तरी आपल्याला सूर ओळखू येतो, कारण त्याच सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे आवाज ऐकू येतात आणि उरलेलं मेंदू भरून काढतो. म्हणजे दोन बेसची तुलना फोनवर केली तर खरा बेस तुम्ही ऐकलेलाच नसतो. डेमो बघताना निदान वायरचे चांगले हेडफोन लावा.

लांबी आणि वजन: हे बदलत नाही

तारेच्या मोकळ्या भागाच्या लांबीला स्केल म्हणतात. नेहमीचा बेस ३४ इंची असतो, शॉर्ट स्केल ३० इंची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस शॉर्ट स्केलच होता.

फरक घरबसल्या तपासता येतो. कागदावर १३ सेंटिमीटरची आणि ११.५ सेंटिमीटरची अशा दोन रेषा काढा. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३४ इंची बेसवर साधारण १३ सेंटिमीटर असतं, ३० इंचीवर ११.५. डाव्या हाताचं पहिलं बोट आणि करंगळी रेषेच्या दोन टोकांना ठेवून बघा. थोडा ताण आला तर चालेल, सवयीने हात मोकळा होतो. दुखत असेल तर शॉर्ट स्केल घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त त्याच्या तारा थोड्या सैल लागतात आणि आवाज जरा गोलसर येतो.

मग वजन. लाकडी बॉडीचा बेस सहज ४ किलोचा असतो. दुकानात पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहा, मग दोन्ही हात सोडा. मान खाली झुकली तर तो बेस वाजवताना डावा हात सूर धरण्याऐवजी मान सांभाळत बसेल. छोटी बॉडी म्हणजे सोपा बेस, असं म्हणूनच नसतं. बॉडी हलकी आणि मान जड असेल तर हा त्रास उलट जास्त होतो.

पिकअप: मंडईच्या स्टेजवर विचार करून निवडा

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर स्टीलची तार हलली की कॉइलमध्ये वीज तयार होते. पण तीच कॉइल आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगचा घुमणारा आवाजही पकडते.

दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. स्टेजवर डिमरचे लाइट, शेजारी जनरेटर, कुठून कुठून ओढलेल्या वायरी. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेवरचा तिसरा फ्रेट, म्हणजे खालचा जी सूर, ४९ हर्ट्झचा! हा घुमारा इक्वलायझरने कापायला गेलात तर तुमचा सूरही कापला जातो. त्यामुळे तो पिकअपमध्येच थांबवलेला बरा.

सिंगल कॉइल पिकअप हा आवाज पकडतो. प्रिसिजन बेसमध्ये १९५७ पासून दोन तुकड्यांचा स्प्लिट कॉइल आहे. दोन्ही तुकडे उलट गुंडाळलेले असतात, त्यामुळे सूर टिकतो आणि घुमारा एकमेकांत विरतो. १९६० साली आलेल्या जॅझ बेसमध्ये दोन सिंगल कॉइल असतात. दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा ठेवला तरच घुमारा जातो, एक कमी केला की परत येतो. हमबकर आवाजाने दणकट आणि शांत. पहिलाच बेस असेल आणि स्टेजवर वाजवायचं असेल तर माझं मत स्प्लिट कॉइलला.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह?

ॲक्टिव्ह बेसमध्ये आत छोटं सर्किट असतं आणि ते बहुतेक वेळा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड ड्राय बॅटरीच्या उद्योगालाच जातं, म्हणजे या तंत्राचं मूळ आपल्या घराजवळच आहे. लक्षात एवढंच ठेवा: बेसमध्ये केबल लावलेली असली की बॅटरी खर्च होत राहते. वाजवून झालं की केबल काढा आणि नाटकाच्या रात्री एक जादा बॅटरी खिशात ठेवा. पॅसिव्ह बेसला ही कटकटच नाही.

कस्टमाइज करायचंय? या क्रमाने करा

१. सेटअप: मानेचा वाक आणि तारांची उंची नीट करून घ्या. कमी खर्चात सर्वात मोठा फरक इथे पडतो.

२. तारा: राउंडवाउंड तारा खणखणीत, फ्लॅटवाउंड मऊ आणि जुन्या गाण्यांसारख्या वाजतात.

३. शिल्डिंग: आतल्या खाचेत कॉपर टेप लावून ती अर्थला जोडली की खरखर कमी होते. ट्रान्सफॉर्मरचा चुंबकीय घुमारा मात्र याने जात नाही.

४. पिकअप: हे शेवटी. आधी खाचेचं माप घ्या, नाहीतर लाकूड कोरावं लागेल. सिंगल कॉइलला सहसा २५० के आणि हमबकरला ५०० केचा पॉट लावतात.

आणि घरी सरावासाठी लगेच मोठा ॲम्प घ्यायची गरज नाही. साधा ऑडिओ इंटरफेस फोनला जोडा आणि वायरचे हेडफोन लावा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि ताल हुकतो.

थोडक्यात, पैसे आधी हाताला आणि खांद्याला जुळणाऱ्या बेसवर घाला. पिकअप पुढच्या हंगामात बदलता येईल. मानेची लांबी मात्र पहिल्या दिवशी घेतली तीच राहणार.