न टिकणारा नकाशा : ‘पोकेमॉन मिस्टरी डन्जन’मधील शोधपथक, भुयार आणि काळ

प्रस्तावना

व्हिडिओ गेमविषयीची महाविद्यालयीन चर्चा बहुधा विद्यार्थ्यांच्या वेळेचा अपव्यय आणि या उद्योगाची आर्थिक उलाढाल या दोन मुद्द्यांभोवती फिरत राहते. खेळाचे नियम हेच कथेच्या आशयाचे वाहक कसे होतात, हा साहित्याच्या अध्यापकाला जवळचा वाटावा असा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका जपानी खेळाच्या आधारे केला आहे. चुनसॉफ्ट या संस्थेने निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी तयार केलेले ‘पोकेमॉन मिस्टरी डन्जन : एक्सप्लोरर्स ऑफ टाइम’ आणि ‘एक्सप्लोरर्स ऑफ डार्कनेस’ हे जोडखेळ सप्टेंबर २००७ मध्ये जपानमध्ये व एप्रिल २००८ मध्ये उत्तर अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांची विस्तारित आवृत्ती ‘एक्सप्लोरर्स ऑफ स्काय’ २००९ साली आली.

‘पोकेमॉन’ ही मालिका १९९६ साली जपानमध्ये सुरू झाली. मूळ मालिकेत मनुष्य हा प्रशिक्षक असतो. तो काल्पनिक प्राण्यांना पकडतो, शिकवतो व परस्परांशी लढवितो. येथे विवेचनासाठी घेतलेल्या खेळातील जगात मनुष्यवस्ती नाहीच. प्राणीच बोलतात, दुकाने चालवितात, पेढी सांभाळतात आणि शोधपथके स्थापन करून अज्ञात प्रदेशांत जातात. खेळाच्या आरंभी खेळणाऱ्यास स्वभावविषयक काही प्रश्न विचारले जातात व उत्तरांवरून तो कोणता प्राणी होणार हे ठरते. समुद्रकिनाऱ्यावर शुद्धीवर आलेल्या नायकाला आपण मनुष्य होतो एवढेच आठवते. बाकी स्मृती पुसलेली असते.

‘डन्जन’ या शब्दाविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. कोशात त्याचा अर्थ अंधारकोठडी असा मिळतो. या खेळप्रकारात मात्र गुहा, अरण्य, वाळवंट, डोंगर, मनोरा अशा कोणत्याही चक्रव्यूहसदृश स्थळास ही संज्ञा लावतात. सोयीसाठी लेखात ‘भुयार’ हा शब्द योजला आहे. काही भुयारे आकाशाखाली आहेत, हे वाचकाने चालवून घ्यावे.

खेळप्रकाराची वंशावळ

या खेळाचे मूळ एका विद्यापीठात आहे. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास ‘रोग’ नावाचा संगणकीय खेळ रचला. पुढे बर्कलीच्या केन अर्नोल्ड यांचा त्यास हातभार लागला. चित्रे नव्हती. पडद्यावरील अक्षरे हेच जग होते : नायक म्हणजे एक चिन्ह आणि इंग्रजी वर्णमालेतील एकेक मोठे अक्षर म्हणजे एकेक राक्षस. बर्कलीच्या युनिक्स वितरणात समावेश झाल्यामुळे तो अनेक विद्यापीठांच्या संगणकांवर पोचला. ‘रोग’ची दोन वैशिष्ट्ये निर्णायक ठरली. पहिले असे की, भुयाराची रचना प्रत्येक वेळी संगणक नव्याने करतो. काल पाहिलेली खोली आज त्या जागी नसते. दुसरे असे की, नायकाचा मृत्यू कायमचा असतो; जुन्या टप्प्यावर परत जाऊन चूक सुधारण्याची सोय नाही.

पुढे असे अनेक खेळ निर्माण झाले व त्यांना ‘रोगलाइक’ असे नाव रूढ झाले. २००८ साली बर्लिन येथे भरलेल्या या क्षेत्रातील निर्मात्यांच्या परिषदेत या प्रकाराची लक्षणे निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. यादृच्छिक रचना, कायमचा मृत्यू, आळीपाळीने चाल आणि चौकटींचा पट ही त्यांतील प्रमुख होत. व्याख्येच्या काटेकोरपणावर पुढे बरेच वाद झाले. ते येथे अप्रस्तुत आहेत.

जपानमध्ये ही परंपरा रुजविण्याचे श्रेय बव्हंशी चुनसॉफ्टकडे जाते. कोइची नाकामुरा यांनी १९८४ साली स्थापन केलेल्या या संस्थेने १९९३ मध्ये ‘तोरुनेको नो दाइबोकेन’ हा खेळ काढून ‘फुशिगी नो डन्जन’, अर्थात गूढ भुयार, या मालिकेस प्रारंभ केला. त्याचा नायक एक व्यापारी आहे. दुकानासाठी माल आणण्यास तो भुयारात उतरतो. हरला तर घरी परततो, परंतु पुढच्या वेळी त्यास पुन्हा पहिल्या पातळीपासून आरंभ करावा लागतो. पोकेमॉनशी या मालिकेची सांगड २००५ साली ‘रेस्क्यू टीम’ या जोडखेळात घातली गेली. त्यात मिळविलेली पातळी कायम राहू लागली. मृत्यूची जागा मूर्च्छेने घेतली व शिक्षा म्हणून जवळचे पैसे आणि सामानाचा काही भाग तेवढा जाऊ लागला. लहान वयाच्या खेळाडूंसाठी केलेली ही सवलत आहे, हे उघडच आहे. तथापि सवलतीमुळे या प्रकाराचा गाभा गेला, असे मानणे घाईचे ठरेल.

भुयाराचे नियम

भुयारातील गती बुद्धिबळासारखी आहे. खेळणाऱ्याने एक पाऊल टाकले की मजल्यावरील इतर सर्वांना एकेक चाल मिळते. तो थांबला की सारे थांबतात. विचाराला हवा तितका वेळ आहे, पावलांना मात्र मर्यादा आहे. चालताना नायकाची भूक वाढते; पोट पूर्ण रिकामे झाले की प्रत्येक पावलागणिक प्राणशक्ती घटू लागते. म्हणून भुयारातील सर्वांत मोलाची वस्तू शस्त्र नसून सफरचंद असते. साध्या सफरचंदाने पोटाचे ५० अंश भरतात. एकाच मजल्यावर फार काळ रेंगाळल्यास जोराचा वारा सुटून पथकाला बाहेर फेकतो. थोडक्यात, सावकाश विचार करण्यास मुभा आणि आळसाला बंदी, असा हा बंदोबस्त आहे.

मजल्यावर जिना कोठे आहे हे आधी ठाऊक नसते. जसजसे पथक हिंडते तसतसा नकाशा उलगडत जातो आणि जिना चढताच तो निरुपयोगी होतो. त्याच भुयारात पुन्हा गेल्यास रचना निराळी असते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एरवी अन्वेषक म्हटला की तो मागून येणाऱ्यांसाठी नकाशा ठेवून जातो, अशी आपली कल्पना असते. येथे मागे काहीही उरत नाही. कोणत्या प्राण्याशी अरुंद वाटेत लढावे, घोळक्याने भरलेल्या खोलीत सापडल्यावर मागे सरून बोळाच्या तोंडाशी का उभे राहावे, शेवटचे सफरचंद केव्हा खावे, हे ज्ञान खेळणाऱ्याच्या अंगी मुरते. कागदावर ते उतरत नाही. या ज्ञानाची खरी कसोटी ‘डेस्टिनी टॉवर’ या ९९ मजली मनोऱ्यात लागते. तेथे प्रवेश करताच पातळी पहिलीवर येते व सोबत सामान नेता येत नाही. सवलती काढून घेतल्या की ‘रोग’चे जुने, कठोर रूप पुन्हा उघडे पडते.

मंडळ आणि सोबती

‘रोग’चा नायक एकटा असतो. ‘एक्सप्लोरर्स’चा नायक एकटा नसतो, आणि या भेदातच खेळाचे वेगळेपण आहे. किनाऱ्यावर त्यास भेटणारा सोबती भित्रा आहे. विगलीटफच्या मंडळात शोधक म्हणून दाखल होण्याची त्याची इच्छा आहे; पण दारातील जाळीवर उभे राहिले की खालून पाऊलखुणा ओळखणाऱ्याची हाक येते आणि तो घाबरून परत फिरतो. दोघे मिळून दाखल होतात व उमेदवारी सुरू होते. मंडळाचे वर्णन गमतीचे असले तरी त्यातील अर्थव्यवहार बोचरा आहे. मोहिमेच्या मोबदल्यातील सुमारे नऊ दशांश वाटा मंडळ ठेवून घेते व उमेदवारांच्या हाती एक दशांश पडतो. ‘परफेक्ट अ‍ॅपल’ नावाची उत्तम सफरचंदे आणण्याच्या कामात प्रतिस्पर्धी पथकाच्या कारस्थानामुळे अपयश आले, तेव्हा दोघांना रात्रीचे जेवण मिळत नाही. भुयारात नियम म्हणून भेटणारी भूक येथे कथेतील प्रसंग होऊन समोर येते.

सोबत्याविषयीचा एक नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सोबत्याच्या हालचाली संगणक ठरवितो. खेळणाऱ्यास केवळ स्थूल सूचना देता येतात. तो कधी नको तेथे जातो, कधी घाव वाया घालवितो. असे असूनही मुख्य कथा पूर्ण होईपर्यंत नायक किंवा सोबती यांपैकी कोणीही एक मूर्च्छित झाला तरी मोहीम अपयशी ठरते. पथकात नंतर येणाऱ्या इतर सदस्यांना हा नियम लागू नाही. अनेक खेळाडूंना हा नियम अन्यायकारक वाटतो व डावपेचाच्या दृष्टीने ती तक्रार खोटी नाही. परंतु कथेच्या दृष्टीने पाहिल्यास ‘सोबती महत्त्वाचा आहे’ हे वाक्य कोणत्याही पात्राच्या तोंडी घालण्याची गरजच या नियमाने संपविली आहे. खेळणारा शेवटचे औषध स्वतःसाठी न वापरता सोबत्यासाठी राखून ठेवू लागतो. आरंभी तो हिशोब असतो. दहा-वीस तासांनंतर तो केवळ हिशोब राहत नाही.

गोठलेला काळ

कथानकाचा विषय काळ हा आहे. जगात ठिकठिकाणी ‘टाइम गिअर’ नावाची पाच कालचक्रे गुप्त स्थळी जपलेली आहेत. चक्र हलविले की त्या प्रदेशातील काळ थांबतो. ग्रोव्हाइल हा चोर ती पळवीत सुटला आहे आणि डस्कनॉयर हा कीर्तिवंत शोधक त्याचा पाठलाग करीत आहे, असे प्रथम वाटते. पुढे नायक व सोबती भविष्यकाळात ओढले जातात, तेव्हा चित्र उलटते. त्या भविष्यात सूर्य उगवत नाही, वारा वाहत नाही. पाण्याचे थेंब अधांतरी थबकलेले आहेत. टेम्पोरल टॉवर कोसळल्याने ओढवलेला हा अनर्थ टाळण्यासाठी ग्रोव्हाइल भूतकाळात आला आहे. चक्रे गोळा करून त्या मनोऱ्यात बसविणे हाच त्याचा हेतू आहे आणि स्मृती गेलेला नायक त्याचाच मानवी सहकारी होता.

येथे नियम व कथा यांचा सांधा जुळलेला दिसतो. भुयारात पाऊल टाकल्याशिवाय काहीच हलत नाही, हे खेळणारा पहिल्या गुहेपासून अनुभवीत असतो. थांबलेला काळ ही त्याच्या परिचयाची, किंबहुना सोयीची अवस्था आहे. कथेत तीच अवस्था सर्वनाशाचे रूप घेते. निर्मात्यांनी हे साम्य हेतुपुरस्सर योजले होते असा दावा करण्याची आवश्यकता नाही. संहितेचे वाचन म्हणून ते उभे राहते.

यापुढील पेच अधिक गंभीर आहे. अनर्थ टळला तर ते अंधारे भविष्य अस्तित्वात येणार नाही, आणि त्या भविष्यातून आलेले सर्वजण नाहीसे होतील. नायकाला हे ठाऊक आहे. तो सोबत्यास सांगत नाही. खेळणारा शेवटच्या मनोऱ्याचे मजले हे गुपित बाळगून चढतो. विजय मिळतो आणि परतीच्या वाटेवर नायक विरून जातो. सोबती एकटा परततो व घडलेले सर्वांना सांगतो. ज्या खेळप्रकारात नकाशा उरत नाही, त्यात शोधकही उरू नये, हा शेवट विलक्षण सुसंगत आहे. जे उरते ते सोबत्याच्या स्मरणात.

अर्थात खेळ तेथे थांबत नाही. श्रेयनामावलीनंतर सोबती त्याच किनाऱ्यावर शोक करीत असता कालदेवता डायल्गा नायकास परत आणतो. हा दिलासा शोकांतिकेचा परिणाम पातळ करतो, असा आक्षेप घेता येईल. पण मूर्च्छित पथक भुयाराबाहेर सुखरूप परत येते, हा नियम खेळणाऱ्याने अनेकदा अनुभवलेला असतो. हानी खरी आणि परतणेही खरे, हाच या खेळाचा करार आहे. ‘एक्सप्लोरर्स ऑफ स्काय’मध्ये भर घातलेल्या पाच उपकथांपैकी शेवटची ग्रोव्हाइल, सेलेबी व डस्कनॉयर यांची त्याच भविष्यातील हकिकत सांगते. तिच्याही अंती असेच जीवदान मिळते. दुसऱ्यांदा मिळालेली कृपा पहिलीइतकी पटत नाही. मात्र नाहीसे होणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेली कथा म्हणून ही उपकथा मूळ कथानकापेक्षा सरस आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

बाहेरून येणारी मदत

भुयारात पथक मूर्च्छित झाल्यास पराभव मान्य करण्याऐवजी दुसऱ्या खेळणाऱ्याकडे मदत मागण्याची सोय खेळात आहे. यंत्र एक सांकेतिक मजकूर देते. तो मिळालेला दुसरा खेळाडू आपले पथक घेऊन त्याच भुयारात त्या मजल्यापर्यंत जातो आणि यशस्वी झाल्यास उलट संकेत पाठवितो. तो भरताच पडलेले पथक सामानासह उठून पुढे चालू लागते. मदत करणाऱ्यास भेटणारे मजले अर्थातच निराळे असतात. हाक देणाऱ्याचा अनुभव त्याच्या उपयोगी पडत नाही.

हे संकेत निन्टेंडोच्या वाय-फाय सेवेद्वारेही पाठविता येत. ती सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. ‘एक्सप्लोरर्स ऑफ स्काय’ची वी यू या यंत्रासाठी २०१६ साली आलेली आवृत्तीही मार्च २०२३ मध्ये त्या यंत्राचे विक्रीदालन बंद झाल्यापासून विकत घेता येत नाही. संकेत हाताने लिहून घेऊन दुसऱ्याच्या यंत्रात भरण्याची पद्धत मात्र कोणत्याही सेवेवर अवलंबून नाही. जुने यंत्र व जुनी खेळपट्टिका चालू अवस्थेत असलेल्या दोन व्यक्ती एका चिठ्ठीच्या आधारे आजही एकमेकांच्या पथकाला भुयारातून वर काढू शकतात.