न गळणारं लाकूड

बसा रे सगळे नीट. आजची गोष्ट स्पेनमधल्या एका लाल वाइनची आहे. वाइन मोठ्या माणसांची, तिची गोष्ट मात्र तुमची. आणि ही गोष्ट द्राक्षापासून सुरू होत नाही. ती सुरू होते अटलांटिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत, एका खारीपासून.

पानगळ सुरू झाली आहे. पांढऱ्या ओकची टोपीवाली फळं टपाटप खाली पडतायत आणि खारीला हिवाळ्याची बेगमी करायची आहे. अडचण अशी, की पांढऱ्या ओकची बी फार उतावीळ. जमिनीवर पडली की थोड्याच दिवसांत तिला मोड येतो आणि आतला साठा मुळाच्या वाढीत खर्च होऊ लागतो. मग थंडीत खायचं काय? म्हणून बी पुरण्याआधी खार तिच्या टोकाला दात लावते आणि आतला कोंब तेवढा कुरतडून काढते. बी मरते, पण टिकते. तांबड्या ओकची बी वसंत ऋतूपर्यंत रुजत नाही, म्हणून खार ती बहुतेक वेळा तशीच पुरते. कोणती बी कुरतडायची आणि कोणती सोडायची, हे त्या एवढ्याशा जिवाला कळतं!

आपल्या गोष्टीतली बी त्या दातांतून सुटली, रुजली, वाढली. आता झाडाला पळून जाता येत नाही. किडे येणार, बुरशी येणार, उभं राहूनच सगळ्यांना तोंड द्यायचं. त्यासाठी ओकने लाकडात टॅनिन साठवलं. तुम्ही हिरडा चघळलाय ना? जीभ आखडते, ती टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. ही त्याची चिकटायची खोड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओकचा दुसरा बंदोबस्त तर याहून अजब. लाकडात पाणी वर चढवणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाड जाड होत गेलं की आतल्या जुन्या नळ्यांचं काम संपतं. अशी रिकामी नळी म्हणजे बुरशीला आयता बोगदाच. मग नळीला लागून असलेली जिवंत पेशी भिंतीतल्या सूक्ष्म भोकातून नळीत शिरते आणि फुग्यासारखी फुगते. शेजारची दुसरी फुगते, मग तिसरी, आणि नळी गच्च बुजून जाते. तांबडा ओक एवढी काळजी घेत नाही. त्याच्या लाकडाचा तुकडा घ्या, एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंका. पाण्यात बुडबुडे येतात! अशा लाकडाच्या पिंपात वाइन भरली तर ती झिरपून जाईल. पांढऱ्या ओकच्या पिंपात ती वर्षानुवर्षं राहते, कारण झाडाने स्वतःच्या जिवासाठी बसवलेली बुचं झाड तोडल्यावरही जागची हलत नाहीत.

आता समुद्र ओलांडूया. उत्तर स्पेनमध्ये रिओहा नावाचा प्रांत आहे आणि तिथे एब्रो नदीजवळ आरो नावाचं गाव. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाचा किडा युरोपात पोचला. माव्याच्या जातकुळीतला हा किडा मुळांतला रस शोषतो. फ्रान्समधल्या बागाच्या बागा त्याने वाळवल्या. तेव्हा फ्रेंच व्यापारी वाइनच्या शोधात आरोला आले आणि त्या धामधुमीत 1877 साली राफाएल लोपेस दे एरेदिया यांनी इथे आपली वाइनरी सुरू केली. ती आजही त्याच घराण्याकडे आहे. पुढे किडा स्पेनमध्येही आला. त्यावर तोडगा निघाला तोही अमेरिकेतूनच: तिकडच्या रानद्राक्षाच्या खुंटावर कलम करायचं. आपले नाशिक-सांगलीकडचे बागायतदार डॉगरीजच्या खुंटावर द्राक्षाचं कलम करतात ना, तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच. तिकडे कारण किडा, इकडे मुख्यतः खारवट जमीन आणि पाण्याची ओढ.

या घराण्याची सगळ्यात नावाजलेली बाग म्हणजे विन्या तोंदोनिया. तिच्या लाल वाइनमध्ये मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो. पिंपंही हे लोक घरच्याच कारखान्यात करतात. ॲपलेशियनमधून ओकचं लाकूड येतं आणि आधी उघड्यावर ऊन-पाऊस खात पडून राहतं. पावसाने त्यातला कडवटपणा धुऊन जातो. मग फळ्या आगीच्या धगीवर वाकवून लोखंडी पट्ट्यांनी आवळतात. सांध्यांना सरस लावत नाहीत. धगीने लाकडातलं लिग्निन फुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन तयार होतं. व्हॅनिलाच्या शेंगेतला वास ज्याचा, तोच हा पदार्थ.

पण हे घराणं पिंपं पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरतं, त्यामुळे जुन्या लाकडाचा वास द्राक्षावर चढत नाही. मला हेच शहाणपणाचं वाटतं. पिंपाने वाइनला सोबत करावी, तिचा ताबा घेऊ नये.

मग जुनं पिंप करतं तरी काय? ते श्वास घेऊ देतं. फळ्यांतून आणि सांध्यांतून प्राणवायू अगदी कणाकणाने आत जातो. द्राक्षाच्या सालीतला रंग आणि टॅनिन त्याच्या मदतीने एकमेकांना धरत मोठमोठे रेणू बनवतात. जिभेला टोचणारी कोवळी वाइन मऊ होते आणि तिचा जांभळा रंग हळूहळू विटकरी होतो. तोंदोनियाची लाल ‘रिझर्व्हा’, म्हणजे जास्त काळ मुरवलेली वाइन, अशी सुमारे सहा वर्षं पिंपात असते. पिंप 225 लिटरचं. तळाशी साका बसतो, म्हणून वर्षातून दोनदा वाइन हाताने एका पिंपातून दुसऱ्यात घेतात. शेवटी ती निवळायला काय घालतात, सांगा पाहू? अंड्याचा पांढरा बलक! त्यातल्या प्रथिनांना टॅनिन चिकटतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. सांगितली होती ना त्याची खोड?

हे सगळं चालतं जमिनीखाली, दगडात खोदलेल्या थंड, दमट तळघरात. भिंतींवर बुरशीचा जाड थर, आणि जुन्या बाटल्यांवर कोळ्यांची जळमटं, इतकी दाट की खालची काच दिसू नये. ती कोणी झाडत नाही. बाटलीचं बूच कॉर्क ओकच्या सालीचं असतं आणि एका जातीच्या पतंगाच्या अळ्या ते पोखरतात. पोखरलेल्या बुचातून हवा शिरली तर इतक्या वर्षांची मेहनत वाया. औषध फवारण्याऐवजी या लोकांनी ते काम कोळ्यांवर सोपवलं आहे. पतंग जाळ्यात अडकतो आणि बूच वाचतं.

म्हणून उद्या घराच्या कोपऱ्यात जाळं दिसलं, की केरसुणी उचलण्याआधी स्टुलावर चढून नीट बघा, त्यात कोण कोण अडकलंय. आणि मग मला येऊन सांगा.