पिपाणी वाजते, अस्वल येते

1992 साली कोलोरॅडोच्या मतदारांनी काळ्या अस्वलाच्या शिकारीतली दोन जुनी साधने एका फटक्यात मोडीत काढली: माग काढणारे कुत्रे आणि आमिष. वसंतातली शिकारही त्याच कौलाने थांबली. 1994 मध्ये ओरेगॉनने आणि 1996 मध्ये वॉशिंग्टन राज्याने कुत्र्यांना व आमिषाला मनाई केली. पश्चिम अमेरिकेतल्या शिकाऱ्याने मग करायचे काय? दुर्बिणीने डोंगरउतार धुंडाळायचे, नाहीतर आवाज काढून अस्वलालाच जवळ बोलवायचे.

आवाजाची युक्ती नवी नव्हती. टेक्ससचे बर्नहॅम बंधू 1950 च्या दशकात जखमी सशासारख्या ओरडणाऱ्या पिपाण्या विकत. वेकोच्या जॉनी स्ट्यूअर्ट यांनी पुढच्या दशकात खऱ्या प्राण्यांच्या आवाजाच्या तबकड्या काढल्या. पण हा सारा खटाटोप मुख्यतः कोल्ह्या-कायोटींसाठी. अस्वल आले तर ते नशीब.

अस्वलाच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ होता. 1970 च्या दशकात आयडाहोतल्या लॉक्सा भागात एल्कच्या वासरांना रेडिओ पट्टे बांधून पाहणी झाली, तेव्हा त्यांचा मोठा शत्रू काळे अस्वल निघाले. मे-जूनमध्ये हरणे आणि एल्क वितात. त्या दिवसांत पाडसाचा आकांत म्हणजे अस्वलाला जेवणाचे आवतणच. वाळवी, मध आणि मोहावर जगणाऱ्या आपल्याकडच्या अस्वलाला या आवाजाचे एवढे अप्रूप नसते. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहे.

तंत्र मात्र सोसण्याचे. कायोटीसाठी थोडे वाजवून गप्प बसले तरी चालते. अस्वलाचे तसे नाही. आवाज थांबला की त्याचे लक्ष उडते; ते वाटेतच बसते किंवा बेरी खाऊ लागते. म्हणून पिपाणी अर्धा-पाऊण तास, कधी तासभर, जवळपास अखंड फुंकावी लागते. गाल दुखतात, पिपाणीची जिभली थुंकीने ओली होऊन आवाज बसतो, म्हणून खिशात दुसरी ठेवतात. वारा तोंडावर घ्यायचा, कारण अस्वल वळसा घालून वाऱ्याखाली येते आणि माणसाचा वास लागताच पसार होते. दोघे असले तर पाठीला पाठ लावून बसतात.

रिमोटवर चालणाऱ्या भोंग्यांनी हा त्रास कमी केला. भोंगा दूर ठेवला की अस्वलाची नजर शिकाऱ्याकडे न जाता तिकडे जाते. मात्र त्याला परवानगी आहे की नाही, हे राज्यागणिक बदलते.

कुत्र्यांचा प्रश्नही मिटला नाही. कॅलिफोर्नियाने 2012 मध्ये अस्वलामागे कुत्रे सोडण्यावर बंदीचा कायदा केला. उलट माँटानाने 2021 मध्ये त्यांना वाट मोकळी केली. आमिष मात्र माँटानात आजही चालत नाही. तिथे पिपाणी फुंकणाऱ्यासमोर दुसराच पेच असतो: पाडसाच्या आवाजाला ग्रिझली अस्वलही येते, आणि अलास्का वगळता सलग अमेरिकेत त्याला 1975 पासून संरक्षण आहे. त्यामुळे काळ्या अस्वलाचा परवाना हवा असेल, तर माँटानात आधी दोन्ही अस्वले ओळखण्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.