कारखान्यांतील हवा : लेखांक पाचवा — काचतंतूंची गाळणी

सुती आणि पॉलिएस्टरच्या पिशव्यांचा विचार गेल्या आठवड्यात झाला. आज ज्या द्रव्याकडे वळावयाचे ते सातारा-सांगलीकडील वाचकांना अगदीच परके नाही. कऱ्हाडच्या रेल्वे स्थानकालगत ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. इकडे औंध संस्थानच्या मुलखात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. काच आणि ओतकामाची भट्टी या दोहोंची ओळख या भागाला अशी जुनीच आहे.

काचेचा तंतू विपुल प्रमाणात काढण्याची युक्ती मात्र परमुलखातली, आणि तीही योगायोगाने सापडलेली. १९३२ साली अमेरिकेत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेच्या विटा सांधण्याच्या खटपटीत असता वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि बारीक तंतूंचा वर्षाव झाला. हवा गाळण्याच्या गाद्या हा त्या तंतूंच्या आरंभीच्या व्यापारी उपयोगांपैकी एक होय.

गाळणी म्हणजे चाळण, छिद्राहून मोठा कण अडावा आणि लहान निसटावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु तंतूंच्या गादीत प्रकार निराळाच घडतो. जड कणाला हवेबरोबर वळण घेता येत नाही, म्हणून तो तंतूवर आदळतो; अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि त्या भटकंतीतच तंतूला चिकटतो; निसटण्याची खरी भीती असते ती या दोहोंमधल्या, सुमारे ०.३ मायक्रॉनच्या कणाची, आणि म्हणूनच अतिशुद्ध हवेच्या गाळण्यांची परीक्षा त्याच आकाराच्या आसपासच्या कणांवर घेतात. रंगकामाच्या बूथमध्ये बसवावयाची गादी हातात घेऊन पाहावी : एका अंगाला ती विरळ व फुगीर, दुसऱ्या अंगाला दाट असते. विरळ अंग रंगाच्या फवाऱ्याकडे ठेवले तर रंग सबंध जाडीत मुरतो. उलट बसविली तर पृष्ठभागावरच पापुद्रा धरून ती अल्पावधीत तुंबते.

भट्टीच्या धुरासाठी गादी नव्हे, काचेच्या धाग्याची विणलेली पिशवी लागते. पॉलिएस्टर सुमारे १३० अंशांपलीकडे टिकत नाही. काचेचे कापड २६० अंश सेल्सिअसपर्यंत निभावते, ठिणगीने पेट घेत नाही आणि ओलाव्याने फुगत नाही. एवढे गुण असूनही तिची एक खोड कारखानदाराने पक्की ध्यानात ठेवावी : काच वाकविली की तुटते. पिशवी आतल्या तारेच्या पिंजऱ्यावर सैल बसली, तर धूळ झाडणाऱ्या हवेच्या प्रत्येक धक्क्यासरशी कापड तारेवर आपटते आणि नेमके त्या रेषेवर विरते. म्हणून पिंजऱ्याच्या तारा अधिक व जवळजवळ असाव्या लागतात. पिंजऱ्यात केलेली काटकसर महाग पिशवीच्या खर्चाने फेडावी लागते, हा हिशेब खरेदीच्या कागदांवर सहसा उमटत नाही.

पिशव्या बदलणाऱ्या कामगाराला हातमोजे, चष्मा व मुखपट्टी द्यावी, कारण तुटक्या तंतूंनी कातडी खाजते, डोळे चुरचुरतात. याच कारणास्तव सांगलीतील हळद दळणाऱ्या गिरण्यांत काचेची पिशवी सुचवू नये : तेथील हवा तापलेली नसते, गोळा झालेली भुकटी पुन्हा विक्रीच्या मालात जाते, आणि पॉलिएस्टर तेथे सुखाने काम देते.

पिशवी तुंबली हे बाहेरून दाखविणाऱ्या पाण्याच्या नळीचा विचार पुढील लेखांकी करू.