फोनवरची दाताची शाळा

वर्धा शहराला लागून सावंगी मेघे हे गाव आहे. तिथे १९९१ सालापासून दंत महाविद्यालय आहे. मुले-मुली तिथे चार वर्षे शिकतात. पाचव्या वर्षी रोग्यांवर प्रत्यक्ष काम करतात. मग ती दाताची डॉक्टर होतात.

आता दाताविषयी फोनवरही शिकवतात, असे तुम्ही ऐकले असेल. ही शाळा कशी असते? तिथे शिकून डॉक्टर होता येते काय? ते आपण पाहू.

हा वर्ग सर्वांना खुला असतो. वयाची अट नाही, शाळेचा दाखला लागत नाही. शिकवणारे गुरुजी एकदा बोलतात. ते बोलणे चित्रासह भरून ठेवतात. आपण शेतावरून यावे, हातपाय धुवावे आणि सवडीने ते पाहावे. कळले नाही तर पुन्हा लावावे. दहा वेळा लावले तरी गुरुजी रागावत नाहीत! पाठ संपला की प्रश्न येतात. उत्तर चुकले तर तेही लगेच कळते.

विलायतेत शेफील्ड नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठाने २०१४ साली दाताविषयी असा वर्ग काढला. ज्यांच्या घरात कोणी डॉक्टर नाही, अशा मुलांनाही ही वाट कळावी, हा एक हेतू होता. जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या गावोगावच्या आरोग्यसेवकांसाठी असाच मोफत पाठ केला. आपल्या सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ नावाची खुली शाळा सुरू केली. तिच्यात नाना विषय आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन दाखला हवा असेल तर मात्र फी भरावी लागते.

दातांविषयीचे बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत. हे आम्हाला खटकते. दात काही इंग्रजीत दुखत नाहीत. तोवर घरच्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने पाठ ऐकावा आणि रात्री जेवणे झाल्यावर सर्वांना मराठीत सांगावा.

आपल्या भागाला हे ज्ञान फार गरजेचे आहे. कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा करतात. पानठेल्यावर तो सहज मिळतो. सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण तोंडाची सवय कायद्याने सुटत नाही. कोणी म्हणतात, ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो.’ पण नुसती सुपारीही घातकच आहे. तिच्यामुळे गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते. आधी तिखट झोंबते. मग तोंड कमी उघडते. पुढे भाकरीचा घास जाईना होतो. अशा तोंडात कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो.

घरच्या घरी एक गोष्ट करून पाहा. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरा. ती वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये जातात काय? जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा पंधरा दिवसांत भरली नाही अशी जखम असेल, तरीही दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हा रोग पुष्कळदा दुखतच नाही.

एवढे फोनवर शिकता येते. पण दात काढणे, खड्डा भरणे ही हाताची कामे आहेत. १९३७ साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. हाताने काम करता करता शिकावे, असे गांधीजींनी तिथे मांडले. दाताच्या विद्येला तर ते पुरेपूर लागू आहे. विद्यार्थी आधी खोट्या दातांवर हात बसवतात. मग शिक्षकांच्या देखत रोग्याला हात लावतात. फोन हा हात देऊ शकत नाही.

म्हणून फोनवरच्या दाखल्याने कोणी डॉक्टर होत नाही. दातांवर उपचार करायला सरकारदरबारी नाव नोंदलेले असावे लागते. १९४८ सालापासून तसा कायदा आहे. आठवडी बाजारात चिमटा घेऊन बसलेल्या माणसाने असा दाखला दाखवला, तर त्याच्यापुढे तोंड उघडू नका. खरा डॉक्टर गाल बोटाने चाचपून पाहतो, आत कुठे ताठ झाला आहे ते हाताला कळते. त्यासाठी सावंगीला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे लागते.